एकच ओझं

पिठाच्या डब्यावर ठेवलेला फोन घुर्र घुर्र करत झाकणावर सरकायला लागला, आणि दुपारची मुश्किलीनं जमवलेली शांतता मोडली. स्वप्नालीनं दोन ढांगांत स्वयंपाकघर गाठून तो उचलला. पडद्याआड ब्राह्मी कुशीवर वळली, ओठ मुडपून काहीतरी पुटपुटली आणि परत निवांत झाली. सहा वर्षांची पोर एरवी दुपारची कुठली झोपायला. पण दशलक्षण पर्व सुरू झाल्यापासून रोज पहाटे आजीचं बोट धरून जैनांच्या देवळात, बस्तीत जात होती, तिथून सकाळच्या शाळेला. आज नवव्या दिवशी जेवता जेवताच तिची मान घासावर कलली होती.

निरोप पुण्याहून होता, ऋषिराजचा. 'सोमवारी छापायला जातंय. शेवटची फाईल रविवारी रात्रीपर्यंत दे. आणि मुखपृष्ठ बघ. तुझ्या चौथ्या तळावरचंच घेतलंय.'

खाली चित्र होतं. घाटाची वाट, धुकं, मेंढरांची रांग. पुढे एक बाई, खांद्यावर कोकरू, चेहरा घोंगडीत झाकलेला. तिच्या मागं पाच-सहा हात अंतरावर एक लहान मुलगी, अनवाणी, रडवेली, हात पुढे केलेला.

चित्र फार सुंदर होतं. तीच तर पंचाईत होती.

ऋषिराज आणि स्वप्नाली पुण्यात इतिहासाच्या वर्गात एका बाकावर बसायचे. त्याच्या खोलीवर शनिवारी पाच-सहा जण जमून एक खेळ खेळायचे. त्यात पट नसतो, सोंगट्या असल्या तर असल्या. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले एकेक माणूस होतात. मी दरवाजा फोडतो, मी राणीशी खोटं बोलते, असं म्हणायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. त्यातली गोष्ट मात्र कायम परदेशी. बर्फ, ड्रॅगन, दगडी मनोरे. स्वप्नाली एकदा वैतागून म्हणाली होती, "आपल्याकडं वीरगळ पडलेत गावोगाव, म्हशी बांधतात त्यांना. त्यांच्यात काय कमी गोष्टी आहेत?" ऋषिराज म्हणाला, "मग लिही की." लिहायला आठ वर्षं गेली. मध्ये लग्न झालं, सांगली आली, ब्राह्मी आली.

तिनं रचलेल्या मुलखाचं नाव होतं 'बारा तळ'. एका राजानं शब्द मोडला म्हणून त्या मुलखातल्या नद्या जमिनीखाली गेल्या आहेत. वर राहिलेत गड, जकातीची नाकी, आणि मेंढरं घेऊन पाण्यामागं बारा मुक्काम चालणारी माणसं. मुक्कामाला ती तळ म्हणतात. तिथं वीरगळ साक्ष देतात, कुणी कुणाला मारलं ते सांगतात, पण एका वीरगळाला आयुष्यात एकदाच विचारता येतं. एक पेठ अशी आहे की तिला तटबंदीच नाही. तिथले व्यापारी हत्यार धरत नाहीत, आणि भांडण लागलं तर दोघांना समोरासमोर गप्प बसवतात, ज्याला आधी लाज वाटेल तो हरला. ही पेठ तिनं आपल्या माणसांवरून घेतली होती. आणि ती लिहिताना सासूबाईंना, गुणमाला आत्तींना, तीनदा वाचून दाखवली होती. "एवढं चालेल का आत्ती? आपल्या लोकांना वाईट नाही ना वाटणार?" आत्तींनी दोन वाक्यं काढायला लावली, तिनं मुकाट काढली.

आपल्या माणसांसाठी तीनदा विचारलं. चौथ्या तळाबद्दल भामाबाईंना एकदाही नाही.

हे सगळं लिहिलं कधी, तर असंच, चोरून. कुकर लावून तो होईपर्यंत. ब्राह्मी तान्ही होती तेव्हा तिच्या पाठीवर एक हात थोपटत ठेवून दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं मोबाईलवर. थोपटणं थांबलं की पोर किंचाळायची, त्यामुळं त्या मुलखाच्या पहिल्या चार तळांना एक प्रकारची लय आहे, असं स्वप्नालीला आपलं उगीच वाटायचं. पुढं पोर मोठी झाली, "आई, बघ ना" म्हणायला लागली, आणि "बघते हं, एवढी ओळ" असं म्हणता म्हणता स्वप्नालीनं तिची कितीतरी चित्रं न बघताच छान म्हणून टाकली होती.

चौथा तळ मात्र तिनं रचलेला नव्हता. तो तिला मिळाला होता.

ब्राह्मीच्या जन्मानंतर ती चार महिने सासरच्या गावी, मळ्यातल्या घरी होती. दिवाळी झाली की माणदेशातले मेंढपाळ कळप घेऊन तिकडं उतरतात. लेंड्यांनी रान खताळ व्हावं म्हणून शेतकरी आपल्या वावरात मेंढरं बसवून घेतो. भामाबाईंचा कळप या घराच्या रानात तीस वर्षं बसत होता. त्या साली भामाबाई सत्तरीच्या आत-बाहेर होत्या, कळप मुलगा धुळा सांभाळायचा, आणि त्या आपल्या रोज सकाळी बाळंतिणीपाशी येऊन बसायच्या. पायांवर बाळ घेऊन तेल जिरवायच्या. एक दिवस बाळाच्या तळव्याला तेल लावता लावता त्यांचा हात थांबला.

"माझी पयली बी पोरगीच हुती," त्या म्हणाल्या. "साडेतीन वरसाची. बहात्तरच्या दुस्काळात आमी घाटाखाली चाललो हुतो. कोयनंच्या अल्याड अवकाळी पावसानं गाठलं. घोड्यावर बिऱ्हाड, तेच्यावर कोंबड्या, जागा म्हनून न्हाई. तवाच एक मेंढी याली. कोकरू वल्लं, उभं ऱ्हाईना. दोन जीव आन खांदा एक. सासू म्हनली, पोरगी चालंल, कोकराला घे. मी कोकरू उचललं." मग बाळाचा दुसरा तळवा हातात घेऊन म्हणाल्या, "तिसऱ्या दिशी तापानं गेली. कोकरू जगलं. लय येत झाली त्येची. आज बी कळपात त्येच्याच वंशाची हायती."

आणि थोड्या वेळानं, "ह्ये मी कुनाला सांगितलेलं न्हाई. धुळ्याला बी ठावं न्हाई त्येला भन हुती म्हनून. तू बाळंतीन हायस, तुला कळंल, म्हनून."

तिला कळलं होतं. इतकं कळलं होतं की त्या रात्री तिनं ब्राह्मीला पाळण्यात ठेवलंच नाही. आणि आठ-दहा दिवसांनी अंगठ्यानं टिपून ठेवलं: 'चौथा तळ. घाट. एकच ओझं.'

नियम अगदी साधा होता. चौथ्या तळावर खेळणाऱ्यानं एकच उचलायचं. कोकरू उचललं तर कळप टिकतो. मूल चालतं, आणि त्याच्यासाठी फासा टाकायचा. एक पडला तर मूल गेलं. मूल उचललं तर कोकरू जातं आणि पुढच्या प्रत्येक तळावर कळप घटतो. तिनं काळ सातशे वर्षं मागं नेला होता. नाव कुणाचंच दिलं नव्हतं. कोयना काढली, पाऊस काढला, धुकं घातलं. आता ह्यात भामाबाई कुठं आहेत, असं ती स्वतःला विचारायची, आणि आहेत कुठं तर सगळीकडं, हे उत्तर यायच्या आत दुसरं काम काढायची.

गेल्या महिन्यात पुण्यात चार मुलांनी हा खेळ तपासायला म्हणून खेळला. ऋषिराजनं चित्रफीत पाठवली होती. चौथ्या तळावर एका मुलानं कोकरू उचललं, फासा टाकला. एक. मग कुणीतरी म्हणालं, "गेली. चला, पाचवा तळ." आणि सगळे हसले. वाईट मुलं नव्हती ती. दडपण आलं की माणूस हसतो, तसंच हसली. पण स्वप्नालीनं ते हसू सात-आठ वेळा मागं नेऊन ऐकलं होतं. ऋषिराजचं म्हणणं, "हा नियम म्हणजे आपल्या खेळाचं काळीज आहे. असलं तुला सुचतं कसं गं?"

तिनं एक हसरा चेहरा पाठवून दिला होता.

*

संध्याकाळी गुणमाला आत्ती दिवस मावळायच्या आत जेवून हात पुसत बाहेर आल्या. उद्या चतुर्दशी, परवा क्षमावणी. वर्षभरात ज्याचं त्याचं मन दुखवलं असेल त्याची क्षमा मागायचा दिवस. श्रेणिक, स्वप्नालीचा नवरा, फोनवर निरोप तयार करत बसला होता. हात जोडल्याचं चित्र, खाली 'उत्तम क्षमा', खाली वर्कशॉपचं नाव.

"किती जणांना धाडतोस?" आत्तींनी विचारलं.

"दोनशे छप्पन. एका झटक्यात."

"बरं हाय. दोनशे छप्पन जणांची मागायची, आणि ज्याच्याशी खरं वाकडं हाय तो तेवढा त्यात नसतो." त्या खुर्चीत टेकल्या. "माझी आई चालत जायची ज्याच्या त्याच्या दारात. अपराध तोंडानं बोलून दाखवायची. मी तुझ्या बांधावरची दोन कणसं मोडली, असं. मग समोरचा क्षमा करायचा, न्हाईतर करायचा बी न्हाई."

"नाही करायचा?" स्वप्नालीनं ताटं उचलता उचलता विचारलं.

"त्याची मर्जी. मागणं आपल्या हातात, देणं त्याच्या."

स्वप्नाली ताटं घेऊन मोरीपाशी नुसतीच उभी राहिली. मग मागं वळून श्रेणिकला म्हणाली, "तुम्ही रविवारी फलटणला जाणार होता ना?"

श्रेणिकचं कुपवाडला वर्कशॉप होतं, साखर कारखान्यांच्या यंत्रांचे भाग करायचं. गळीत हंगामाच्या आधी दुरुस्त्या निघतात आणि त्यांना रविवार नसतो. "जायचंय की. का?"

"दहिवडीच्या अलीकडं मला आणि ब्राह्मीला सोडा. भामाआजींकडं. येताना घ्या."

"अचानक?"

"क्षमावणी आहे," ती म्हणाली. आणि हे खरंच होतं.

आत्तींनी काही विचारलं नाही. शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा भरून दिला तेवढा.

*

विटा गेलं, मायणी गेलं, तसं ऊस मागं पडून माळ सुरू झाला. यंदा पाऊस बरा होता, माळावर हिरवी लव होती. स्वप्नाली मनात वाक्यं जुळवत होती. आजी, तुम्ही मला एक सांगितलं होतं. नाही. आजी, मी एक खेळ केलाय. नाही. मांडीवर ब्राह्मी आपली पिशवी घट्ट धरून बसली होती.

"तुझ्या त्या खेळात माझं वर्कशॉप हाय का नाही कुठं?" श्रेणिकनं मध्येच विचारलं.

"आहे. पाचव्या तळावर एक लोहार आहे. कधी वेळेवर काम देत नाही."

"न विचारता बदनामी व्हय?" तो हसायला लागला. "विचारायचं तरी."

तीही हसली, आणि मग खिडकीकडं तोंड करून बसली.

श्रेणिक दोघींना वस्तीवर उतरवून फलटणकडं गेला. वस्ती म्हणजे तीन घरं आणि एक मोठं काटेरी कुंपण. लोकर कातरायचे दिवस होते. धुळा अंगणात एका मेंढीला गुडघ्यांत धरून कातर चालवत होता. कातरीचा कचकच आवाज, आणि पायाशी काळ्या-पांढऱ्या लोकरीचा ढीग. भामाबाई ओट्यावरून उठल्या त्या काठी न घेताच. वाळल्या होत्या, पण आवाज तसाच.

"आगं माझे बाय, ही तीच व्हय? माझ्या मांडीवर मुतली हुती ती?"

ब्राह्मी आईमागं लपली. स्वप्नालीनं वाकून नमस्कार केला.

काल फोन केला होता, त्यामुळं जेवण तयारच होतं. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, दही. "कांदा न्हाई, लसून न्हाई," भामाबाई वाढता वाढता म्हणाल्या. "तव्याला सुदीक न्हाई. खा बिनघोर. तुमच्या लोकांस्नी घालायचं म्हंजी दवाखान्याचं पथ्य बाय."

"आये, त्यास्नी जेवू तरी दे," धुळा बाहेरून म्हणाला.

"तू मेंढी बघ. कान कापशील तिचा."

जेवणं झाली. धुळा परत कातरायला बसला. स्वप्नालीनं हात धुतले, पदर सारखा केला आणि भामाबाईंसमोर मांडी घालून बसली. आता बोलायचं होतं. तोंडानं, अपराधाचं नाव घेऊन. तिनं हात जोडले. आणि जिभेवर आलं ते लहानपणापासून पाठ असलेलं.

"आजी, उत्तम क्षमा. आमच्यात आज क्षमा मागतात. वर्षभरात कळत नकळत माझ्याकडून तुमचं मन दुखावलं असेल, तर मला क्षमा करा."

कळत नकळत. असेल तर. एवढे दोन आडोसे पुरेसे होते, त्यांच्यामागं माणूस आख्खा मावतो.

भामाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आगं, तू मला काय करनार पोरी? बारक्या जिवाची तू. केली जा क्षमा. मागची बी केली, म्होरची बी केली." मग हसल्या. "तुमचं बाकी लय ब्येस हाय. आमच्यात वाकडं आलं की तीन पिढ्या जेवायला जात न्हाईत येकमेकाकडं. तुमी एका दिसात धुऊन मोकळं."

"हो ना," स्वप्नाली म्हणाली.

"पर येवढ्या लांब आलीस ती कशापायी? काय केलंस तरी काय?"

इथंही सांगता आलं असतं. दार उघडंच होतं.

"काही नाही आजी. रीत आहे आमची."

भामाबाईंनी मान हलवली. "रीत हाय तर ब्येस." आणि सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

स्वप्नालीच्या छातीवरचं ओझं उतरलं. खरंच उतरलं, आणि त्याचीच तिला शिसारी आली. लहानपणी ती एकदा मावशीच्या कपाटातला चांदीचा करंडा न सांगता घेऊन खेळली होती, तेव्हा मावशीनं आपणहून म्हटलं होतं, घे की, तुझाच आहे. तेव्हा असंच वाटलं होतं. मिळालेल्या वस्तूला चोरलेल्याचा वास.

*

तेवढ्यात ब्राह्मीनं पिशवी उघडली. तिच्या वयाची पोरं वस्तीवर नव्हती, मेंढ्यांची भीती वाटत होती, मग करणार काय. पिशवीतून तिनं आईच्या टेबलावरचे तपासणीचे पत्ते काढले आणि घोंगडीवर मांडले.

"ब्राह्मी, ते का आणलंस?" स्वप्नालीचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा आला. "ठेव आत."

"मी आजीला शिकवणाराय."

"आसू दे की," भामाबाई सरकून जवळ आल्या. "काय हाय गं ह्ये? मला वाचाय येत न्हाई हां, आदीच सांगते."

"वाचायचं नाहीच. ही वाट आहे. हे गड. ही मेंढरं. तू मेंढरांची मालकीण."

"ती मी हायेच."

"आता तू चौथ्या तळावर आलीस. इथं घाट आहे." ब्राह्मीनं दोन पत्ते पुढं केले. "हे कोकरू. हे बाळ. दोघं दमलेत. तुला एकच उचलता येतं. सांग, कुठलं उचलतेस?"

भामाबाईंचा सुपारी चघळणारा जबडा थांबला. बाहेर कातर चालली होती, कचकच, कचकच. स्वप्नालीला उठायचं होतं, पत्ते गोळा करायचे होते, पण ती बसूनच राहिली.

"आन कोकरू उचललं तर?" भामाबाईंनी विचारलं. स्वप्नालीकडं न बघता.

"मग बाळ चालतं. आणि त्याच्यासाठी हा टाकायचा." ब्राह्मीनं निळा फासा त्यांच्या तळहातावर ठेवला. "ह्याला वीस बाजू आहेत. फक्त एक आला ना, तर ते मरतं. बाकी काही पण आलं तर जगतं."

"बाकी काय बी आलं तर जगतं?"

"हो. एकोणीस वेळा जगतं."

भामाबाईंनी फासा अंगठ्यानं चाचपला. मग हळूच घोंगडीवर सोडला.

"चौदा," ब्राह्मी म्हणाली. "जगली."

"परत टाकू?"

"एकदाच टाकायचा असतो."

"टाकू दे की गं."

ब्राह्मीनं उदार होऊन मान हलवली. नऊ. जगली. वीस. जगली. तीन. जगली. भामाबाई टाकत राहिल्या आणि दर वेळी मान वर करून पोरीच्या तोंडाकडं बघत राहिल्या, ती काय म्हणते ते ऐकायला. जगली. जगली, आजी. एक काही पडला नाही.

"आये," धुळा बाहेरून म्हणाला, "च्या करू का?"

"करू नगंस. त्या लंगडीला पानी दावून आन. जा."

"आत्ताच पेली की ती."

"जा म्हनलं ना."

धुळा कातर खाली ठेवून गेला. त्याची पावलं कुंपणापलीकडं जाईपर्यंत भामाबाई गप्प होत्या. मग त्यांनी घाटाचा पत्ता उचलला, मुखपृष्ठावरच्याच चित्राचा. बाई, खांद्यावर कोकरू, मागं रडवेली मुलगी. तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला.

"ही रडतीया."

"हो, तिला पण खांद्यावर बसायचंय ना," ब्राह्मीनं सांगितलं.

"रडत न्हवती ती," भामाबाई म्हणाल्या. "आन मागं बी न्हवती. म्होरं पळत हुती. चिखुलातनं. माघारी वळून मलाच हाका मारीत हुती, चल की गं आये, चल की." त्यांनी पत्ता खाली ठेवला, पालथा. "ह्ये चुकलंय तुजं."

स्वप्नालीनं मान वर केली नाही. आठ वर्षं तिनं त्या मुलखातली एकेक विहीर, एकेक नाकं, गडाच्या एकेका दरवाज्याची दिशा पारखून घेतली होती. कुठल्या शतकात घोंगडीला काय किनार असायची हे शोधायला महिना घातला होता. आणि ती पोर कुठं चालत होती, हे विचारायला ज्यांच्याकडं जायचं त्या इथं, सांगलीपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर बसल्या होत्या.

"तू मगा क्षमा मागितलीस," भामाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. भाकरीत मीठ कमी आहे हे सांगावं तसा होता. "ती ह्येची व्हय?"

"हो."

"मग मी विचारलं तवा रीत हाय म्हनलीस."

"हो, आजी."

"म्हंजी मी ज्याची क्षमा केली ते मला ठावं न्हवतं, आन तुला ठावं हुतं."

स्वप्नालीनं मान हलवली.

"मग ती मी माघारी घेते," भामाबाई म्हणाल्या. "मगाची. मागची बी आन म्होरची बी. आता नीट सांग. काय केलंस?"

दारातून ऊन आत येत होतं. ब्राह्मी एकदा आजीकडं, एकदा आईकडं बघत होती. स्वप्नालीनं परत हात जोडले, पण ते तसे बरे दिसेनात, म्हणून खाली घेतले, मांडीवर.

"तुम्ही मला विश्वासानं सांगितलं होतं," ती म्हणाली. "कुणालाच सांगितलं नव्हतं ते. मी ते खेळात घातलं. तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही नको म्हणाला असता. उद्या ते छापायला जाणार आहे. लोक खेळतील, हसतील पण. मला ते आवडलं होतं, आजी. किती छान सुचलं, असं लोक म्हणायचे, आणि मी गप्प बसायचे." ती थांबली. "तुम्ही नको म्हणालात तर मी काढते. आज काढते. आणि मला क्षमा करा."

फासा भामाबाईंच्या मुठीत होता. बाहेर कुंपणापाशी लंगडी मेंढी ओरडली, धुळा तिला काहीतरी बोलला.

"काढून काय हुनार," शेवटी त्या म्हणाल्या. "आन ठेवून बी काय हुनार. ते माझं मी बघते. सांजच्याला तुजा नवरा येईल तवर सांगते." गुडघ्यांवर हात देऊन त्या उठल्या. "क्षमंचं मातूर आज न्हाई. ती आता माझ्याकडं ऱ्हाऊ दे."

"बरं," स्वप्नाली म्हणाली.

त्या बाहेर गेल्या. फासा परत द्यायला विसरल्या, की विसरल्या नाहीत, कोण जाणे. अंगणात धुळा परत येऊन कातर उचलत होता, ती त्यांनी काढून घेतली, "सर, तुला जमत न्हाई," असं म्हणाल्या, आणि मेंढीची मान आपल्या गुडघ्यांत धरली.

स्वप्नाली पत्ते गोळा करायला लागली. पत्ते एकावर एक नीट बसेनात. ब्राह्मी तिच्या शेजारी येऊन बसली, तिनं कोकराचा पत्ता आपल्या हातानं उचलून आईला दिला, मग बाळाचा दिला. बस्तीत दहा दिवस ऐकलेलं सगळं तिनं मनात उलटसुलट करून पाहिलं असावं, आणि कुठंच सापडलं नसावं.

"आई," तिनं हळू आवाजात विचारलं, "दिलेली क्षमा परत घेता येते?"